शुक्रवारची प्रार्थना आणि पाच गुंठे जमीन

वाचकाचं पत्र

सलाम. मी आमच्या ख्रिस्ती मंडळीची चिटणीस आहे, वय ३४. मंडळी लहान, २७ घरांची, नगर जिल्ह्यातल्या एका बाजारगावातली. स्वतंत्र ट्रस्ट म्हणून नोंदलेली आहे. पूर्वी आमची उपासना जुन्या मिशन शाळेच्या खोलीत व्हायची. ती इमारत मोडकळीला आल्यापासून आम्ही धान्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरतो. आता मालकांनी पुढच्या दिवाळीपर्यंत जागा सोडायला सांगितली आहे. पंचांपैकी एका काकांनी भर उपासनेत उभं राहून स्वतःची पाच गुंठे जमीन द्यायचं कबूल केलं, तेव्हा सगळी मंडळी रडली होती. तेव्हापासून नव्या प्रार्थनामंदिरासाठी दर शुक्रवारी उपवास-प्रार्थना चालू आहे.

पण आता त्या प्रार्थनेला जाऊच नये असं वाटतं. तरुण म्हणतात, कर्ज काढा आणि पाया घाला. वडीलधारे म्हणतात, देव देईल तेव्हा देईल, घाई म्हणजे अविश्वास. मंडळीतला एक मुलगा लंडनला स्थायिक झालाय, तो निम्मा खर्च द्यायला तयार आहे, पण इमारतीला त्याच्या वडिलांचं नाव हवं. आणि प्रार्थनेत लोक डोळे मिटून एकमेकांना टोमणे मारतात. एक म्हणतो, ‘प्रभू, काहींच्या मनातला पैशाचा गर्व काढून टाक.’ लगेच दुसरा, ‘प्रभू, ज्यांना तुझ्या कामाची कळकळ नाही त्यांना जागं कर.’ कोण कुणाला म्हणतंय ते सगळ्यांना कळतं. पाळकसाहेब म्हणतात, प्रार्थना वाढवा. अशी प्रार्थना वाढवून काय होणार? मी राजीनामा द्यावा का?

— एक चिटणीस

उत्तर

ताई, सलाम.

जमिनीचं, कर्जाचं, लंडनच्या देणगीचं मी पुढे लिहिणारच आहे. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट ती नाही. डोळे मिटून मारलेला टोमणा ही सगळ्यात गंभीर गोष्ट आहे. सभेत कुणी असं बोललं तर समोरचा उत्तर देऊ शकतो. प्रार्थनेत देऊ शकत नाही, कारण शेवटी सगळ्यांना ‘आमेन’ म्हणावं लागतं. ज्याला लागलं तो गप्प बसतो, आणि पुढच्या शुक्रवारी आपली पाळी आली की परतफेड करतो. हे असंच चालू राहिलं तर तुमचं मंदिर उभं राहीलही, पण त्यात शेजारी शेजारी बसायला माणसं उरणार नाहीत.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने याचा क्रम सांगून ठेवलाय. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तुमचं अर्पण पाच गुंठ्यांचं आहे, पण क्रम तोच.

म्हणून पाळकसाहेबांपुढे आणि पंचांपुढे एक सूचना मांडा. पुढचे दोन-तीन महिने शुक्रवारची प्रार्थना हॉलमध्ये नको, घरोघरी घ्या. दर शुक्रवारी एक घर. आणि त्या काळात मंदिरासाठी प्रार्थना करायचीच नाही. ज्या घरी जाल त्या घरासाठी करायची. यजमान स्वतःच्या तोंडाने सांगतील: आमच्या मुलीचं लग्न जमत नाही, कांद्याला भाव मिळाला नाही आणि सोसायटीचं कर्ज थकलंय, आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. त्यांनी सांगितलं तेवढंच देवापुढे ठेवायचं. दुसऱ्या कुणाविषयी, त्याने स्वतः सांगितल्याशिवाय, तोंड उघडायचं नाही. हा नियम पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावा आणि कुणी मोडला तर तिथल्या तिथे प्रेमाने थांबवावं.

यातून काय होतं ते मी लहान मंडळ्यांमध्ये पाहिलंय. कर्ज काढा म्हणून आग्रह धरणारा मुलगा एका आजींच्या घरी जमिनीवर बसतो. भिंतीला आलेली ओल पाहतो, एकाच खोलीत पाच माणसं झोपतात हे पाहतो, आणि ‘दर घरी महिन्याला इतके हजार’ हा त्याचा हिशोब त्याच्याच घशात अडकतो. आजींनाही तो पोरगा रात्रपाळी करून तसाच प्रार्थनेला आलाय हे तेव्हाच कळतं. पुढे दोघांची मतं बदलतीलच असं मी म्हणत नाही. पण दोघं एकमेकांना ‘काहीजण’ म्हणणं सोडतात.

बांधकामाचं बोलणं थांबवा असं मात्र मी सांगत नाही. उलट त्यासाठी महिन्यातून एक वेगळी सभा ठेवा, चहा ठेवा, इतिवृत्त लिहा आणि डोळे उघडे ठेवून एकमेकांशी वाद घाला. प्रार्थनेत वाद शिरतो, कारण वादाला दुसरी जागाच दिलेली नसते.

‘देव देईल’ आणि ‘लगेच सुरू करा’ यावर तुमच्याकडे दोन तट पडलेत. दोन्हींना बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक एकत्र बसून वाचायला सांगा. यरुशलेमेचा कोट पडलाय हे कळल्यावर पारसच्या राजाच्या पदरी असलेला नहेम्या बसून रडला, उपास केले, प्रार्थना केली. किसलेव महिन्यात बातमी आली आणि राजापुढे तो बोलला नीसानात, म्हणजे मध्ये सुमारे चार महिने गेले. वडीलधाऱ्यांना हे आवडेल. पण राजाने ‘तुला काय हवं’ विचारल्यावर त्याचं उत्तर बघा. मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली आणि लगेच मागण्या सांगितल्या: परत कधी येईन ती मुदत, वाटेतल्या सुभेदारांना पत्रं, आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याला लाकडासाठी पत्र, दरवाजांना किती, कोटाला किती, राहायच्या घराला किती. चार महिने गुडघ्यांवर राहिलेल्या माणसाला कुठल्या कामाला लाकूड लागणार हे पाठ होतं. तिथे पोहोचल्यावरही कुणाला काही सांगण्याआधी तो रात्री थोडी माणसं घेऊन पडलेला कोट स्वतः बघून आला.

तुमच्या मंडळीची प्रार्थना कुठवर आली हे ओळखायचं असेल तर विचारा: आज कुणी ‘काय हवं’ म्हणून विचारलं तर आपल्याकडे यादी आहे का? जमीन कुणाच्या नावावर, माती कशी, माणसं किती, पैसा किती? नसेल तर ‘देव देईल’ म्हणणाऱ्यांनी अजून नीट मागितलेलंच नाही, आणि ‘लगेच सुरू करा’ म्हणणाऱ्यांनी अजून कोट बघितलेला नाही.

त्याच पुस्तकाचा तिसरा अध्याय लोक नावांची यादी म्हणून ओलांडून जातात. तुम्ही ओलांडू नका. कोटाचा कुठला भाग कुणी बांधला ते त्यात आहे. सोनार आहेत, गंधी आहेत, याजक आहेत. शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याने आपल्या मुलींना घेऊन काम केलं. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. आणि तकोवाच्या लोकांनी काम केलं, पण त्यांच्या सरदारांनी खांदा दिला नाही, हेही लिहून ठेवलंय. म्हणजे शंभर टक्के लोक एकमताचे होईपर्यंत नहेम्याने वाट पाहिली नव्हती. तुमच्याकडेही एक-दोन घरं शेवटपर्यंत बाजूला राहतील. त्यांच्यावर प्रार्थनेतून दगड मारू नका आणि त्यांच्यासाठी काम अडवूनही ठेवू नका.

पाचवा अध्याय तर सभेत मोठ्याने वाचावा असा आहे. कोटाचं काम ऐन रंगात असताना गरिबांनी ओरड केली की शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडलीत, पोरं दास्यात चाललीत, आणि व्याज आपलेच भाऊबंद घेतायत. नहेम्याने कोट कोट करत त्यांना गप्प बसवलं नाही. सभा बोलावली, सावकारांना सगळ्यांसमोर जाब विचारला आणि शेतं-घरं परत करायला लावली. तुमच्या २७ घरांत कुणाचं मंगळसूत्र गहाण असेल, तर ते घर बांधकामाच्या वर्गणीच्या यादीत सगळ्यात वर असता कामा नये.

जमिनीचं आता स्पष्ट बोलतो. काकांचं मन मोठं आहे यात शंका नाही, पण भर उपासनेत दिलेला शब्द कायद्याने जमीन हस्तांतरित करत नाही. जमिनीचं बक्षीसपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनी, नोंदणी करूनच व्हावं लागतं. ते ट्रस्टच्या नावे करा. पाळकसाहेबांच्या नावे नको, कुणा पंचाच्याही नावे नको, माणूस कितीही विश्वासू असला तरी. सातबारावर काकांचं एकट्याचं नाव आहे की भावंडांचीही आहेत ते आधी बघा. वडिलोपार्जित असेल तर बहिणींचा हक्क असतो, आणि आज काकांच्या प्रेमाखातर गप्प बसलेली बहीण किंवा तिची मुलं उद्या कोर्टात उभी राहिली तर दोष त्यांचा नसेल. बहिणींना स्वतः भेटा, त्यांचीही खुशी हवी. शेतजमिनीतला एवढा लहान तुकडा १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात बसतो का, बिनशेती करायला काय लागेल, प्रार्थनास्थळासाठी परवानगी कुणाकडून घ्यावी लागेल, हे वकिलाकडून लेखी घ्या. हे कागद होईपर्यंत तिथे पायाभरणीचा नारळ नको आणि कोनशिलाही नको. काकांना हे अविश्वासाचं वाटू नये म्हणून त्यांच्या घरची प्रार्थना लवकर ठेवा.

मग नकाशा. पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट. २७ घरांची तुमची माणसं सव्वाशेच्या आसपास धरली, आणि माणशी दहा चौरस फूट धरले, तर साडेबाराशे फुटांत सगळे ऐसपैस बसतात. नाताळला आणि कापणीच्या सणाला बाहेर मांडव घालता येतो. मनोरा, बाल्कनी, काचेच्या रंगीत खिडक्या असा नकाशा कुणी पुढे केलाच, तर लूकच्या चौदाव्या अध्यायातला बुरूज बांधणारा आठवा. आधी बसून खर्चाचा अंदाज न केल्यामुळे पाया घालून थांबलेल्या माणसाला लोक हसतील, हे प्रभूनेच म्हटलंय. तुमच्या भागात काळी जमीन असेल तर पैसा मोठ्या प्रमाणात जमिनीखालीच जातो. ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. चाचणीचा खड्डा घेतल्याशिवाय कुणाचंही अंदाजपत्रक मानू नका. पहिल्या टप्प्यात पाया आणि कॉलम पक्के, छत पत्र्याचं, शहाबादी फरशी, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह आणि म्हाताऱ्यांसाठी पायऱ्यांशेजारी उतार, इतकं झालं तरी उपासना सुरू होते. पत्र्यावर पाऊस पडताना उपदेश ऐकू येत नाही, ही तक्रार होईल. होऊ द्या. स्लॅब दुसऱ्या टप्प्यात टाका, कॉलमची सळई तेवढी त्या हिशोबाने ठेवा.

कर्जाबद्दल तरुणांना सांगा की नोंदलेल्या ट्रस्टला विश्वस्तांच्या मर्जीने कर्ज काढता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे साधारणपणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, नेमका नियम वकिलाला विचारा. आणि परवानगी मिळाली तरी माझं मत विरुद्धच आहे. २७ घरांतली तीन घरं पुण्याला कामासाठी गेली की हप्ता चुकतो. मग व्यासपीठावरून दर रविवारी हप्त्याचीच आठवण द्यावी लागते, आणि ज्यांच्याकडे द्यायला नाही ते उपासनेला येणं टाळतात.

लंडनच्या मुलाचा पासपोर्ट कोणता, हा पहिला प्रश्न आहे. तो अजून भारतीय नागरिक असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय देणगी ठरते, आणि परकीय अंशदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ट्रस्टला ती घेताच येत नाही. त्याच्या आईच्या खात्यावर मागवून ट्रस्टकडे फिरवण्याची युक्ती कुणी ना कुणी सुचवेलच. ती कायद्याविरुद्ध आहे. चिटणीस म्हणून तुमची सही असेल, ठाम नकार द्या.

नावाचा प्रश्न मनाचा आहे. परदेशात राहणाऱ्या मुलाला वडिलांसाठी काहीतरी करायचंय, त्याला गर्विष्ठ म्हणून मोकळं होऊ नका. त्याच्याशी फोनवर बोला. वडील मंडळीत काय करायचे ते विचारा. शब्बाथ शाळा घ्यायचे, पेटी वाजवायचे, दर रविवारी आधी येऊन सतरंज्या घालायचे? त्यांच्या आठवणीला मुलांचा वर्ग किंवा पुस्तकांचं कपाट देता येईल. इमारतीला मात्र कुणाचंच नाव नको. निम्मा खर्च एकाने उचलला आणि दारावर त्याचं नाव लागलं, तर बाकीची २६ घरं त्या इमारतीत पाहुणी होतात.

पैसा कसा जमवायचा? मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळीच्या बायका १९१० पासून स्वयंपाक करताना दर वेळी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढतात. ते गोळा करून विकतात आणि मंडळीचं काम चालवतात. तुमच्याकडे ज्वारी-बाजरीचा डबा ठेवता येईल. याने सगळा हॉल उभा राहणार नाही. पण ज्या आजींकडे शंभराची नोट नसते त्या रोज दोन वेळा मंदिर बांधत असतील. कापणीच्या सणाचा लिलाव बांधकामासाठी ठेवा. कोणी किती दिलं याची यादी भिंतीवर लावू नका. एकूण जमा, एकूण खर्च आणि शिल्लक मात्र दर महिन्याला पासबुकासकट सगळ्यांसमोर वाचा. मोठी रक्कम रोखीने घेऊ नका. दोन जणांच्या सहीशिवाय पैसा निघणार नाही असं खातं ठेवा.

पुणे जिल्ह्यातलं केडगाव तुमच्यापासून फार लांब नाही. पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत तिथल्या आपल्या मुक्ती मिशन या आश्रमात रोज एकत्र प्रार्थनेला कोण येईल असं विचारलं, तेव्हा ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्या ५५० झाल्या. त्याच मुक्तीत शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, दुष्काळात विहिरी खणल्या गेल्या होत्या. प्रार्थना करणाऱ्या वेगळ्या आणि कामं करणाऱ्या वेगळ्या, अशी वाटणी तिथे नव्हती. तुमच्या वडीलधाऱ्यांना आणि तरुणांना एका टेम्पोत बसवून तिथे घेऊन जा. येताना बोलणं आपोआप निघेल.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आलीय. ती जुनी शाळेची खोली. मला वाटतं वडीलधाऱ्यांची ‘घाई नको’ ही पैशाची भीती नाही, त्या खोलीचं दुःख आहे. तिथे त्यांचे बाप्तिस्मे झाले, लग्नं लागली, तिथूनच त्यांनी आईबापांना मातीला नेलं. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात मंदिराचा नवा पाया घातला तेव्हा तरुण जयघोष करत होते, आणि ज्यांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं ते म्हातारे मोठ्याने रडत होते. रडणं कोणतं आणि जयघोष कोणता हे लोकांना ओळखू येईना. कुणीही म्हाताऱ्यांना गप्प केलं नाही. तुम्ही एक रविवार त्यांना द्या. जुन्या खोलीच्या अंगणात उपासना घ्या, त्यांना बोलू द्या, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणा, खोलीतला एखादा बाक किंवा घंटा राहिली असेल तर ती नव्या जागेत न्यायचं तिथेच ठरवा.

दिवाळीची मुदत मात्र विसरू नका. दिवाळीपर्यंत इमारत होणार नाही, हे पंचांच्या सभेत याच महिन्यात मान्य करून टाका, म्हणजे निम्मी घाई संपेल. मालकांकडून लेखी मुदतवाढ मागा. नाही दिली तर रविवारपुरती शाळा, मंगल कार्यालयाची खोली किंवा घरांमधून उपासना. रोमकरांस पत्रात प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला सलाम सांगितलाय. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं एक राहतं घर सापडलंय, भिंत पाडून दोन खोल्यांची एक उपासनेची खोली केलेलं. वर्ष-दोन वर्षं तुम्ही घराघरांत भरलात तर मंडळी मोडणार नाही.

राजीनामा देऊ नका, ताई. सगळ्यांच्या टोमण्यांतलं कुणाचं कुणाला हे तुम्हाला कळतं, म्हणजे तुम्ही सगळ्यांचं ऐकताय. अशी चिटणीस आत्ता जाऊ नये. मात्र सगळं एकटीने ओढू नका. तरुणांमधला एक आणि वडीलधाऱ्यांमधल्या एक आजी अशी तिघांची समिती करा. कागदपत्रांच्या फायली त्या तरुणाकडे, घरोघरच्या प्रार्थनेची पाळी आजींकडे. पहिलं घर काकांच्या बहिणीचं ठेवता आलं तर बघा. त्या मंडळीत येत नसल्या तरी विचारा, आणि विचारायला पाळकसाहेबांना पाठवू नका, तुम्ही आणि आजी दोघीच जा.